पथ्यावर पडलेला ताप

रस्त्याच्या कडेला बीटाचे ढीग लागले होते. आमच्याकडे हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तशा पन्नास गाड्या एका जागी ओतल्या तर जेवढी रास होईल, तेवढा एकेक ढीग. उत्तर फ्रान्समध्ये साखर बीटापासून करतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ऐन हंगाम. ट्रकांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणून ठेवलेला, वरून भुरभूर पाऊस. सांगली-मिरजेच्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. चालत्या गाडीतून कांडकं ओढून पळणारी पोरं तेवढी दिसत नाहीत.

अशाच एका ढिगाच्या पुढे, विजेच्या खांबाच्या बुडाशी, गंजलेला तोफगोळा ठेवला होता. हातभर लांब, गंजाचे पापुद्रे सुटून फुगलेला. नांगराला लागला की शेतकरी तो असा बाजूला आणून ठेवतात आणि बॉम्ब निकामी करणारं सरकारी पथक येऊन उचलून नेतं. शंभर वर्षं उलटली, तरी हे पीक संपत नाही. भाचीने गाडी हळू केली.

“मामा, उतरू नकोस हं.”

“मी कुठे उतरतोय?”

“तुझा भरवसा नाही. लॅबमध्ये असल्यासारखा हात लावून बघशील.”

भाची लीलमध्ये नोकरीला असते आणि टोल्किनची भक्त आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तिने किती वेळा वाचलं आणि सिनेमे किती वेळा पाहिले, याचा हिशेब तिच्या आईनेही सोडून दिलाय. माझं तसं नाही. मी पहिला भाग कसाबसा संपवला. त्यातल्या एल्फांची नावं माझ्या डोक्यात टिकत नाहीत. मात्र तिच्या आग्रहाखातर टोल्किनचं चरित्र वाचायला घेतलं आणि १९१६ सालच्या एका तापापाशी येऊन थबकलो.

त्याला कारण माझा धंदा. मिरजेत मी सारा जन्म पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पी.यू.ओ.’ ही तीन अक्षरं किती हजार वेळा वाचली असतील, देव जाणे. पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन. म्हणजे ताप आहे, कशाचा आहे ते कळत नाही, तुम्हीच शोधा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून आजारी पडून मागे येणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या कागदांवर हीच तीन अक्षरं लिहीत. जुना ओळखीचा माणूस परक्या मुलखात अचानक भेटावा, तसं मला झालं.

तेव्हा आमचा सौदा असा ठरला: दोन दिवस ती मला सोमची रणभूमी दाखवणार आणि मी तिला एक कबर दाखवणार. कबर टोल्किनची नव्हे. तो ८१ वर्षांचा होऊन १९७३ साली इंग्लंडमध्ये गेला. कबर त्याच्या मित्राची, जेफ्री बाश स्मिथची.

लीलहून बापोमपर्यंत मोठा रस्ता आहे. तिथून आल्बेरकडे वळलं की नकाशावर युद्धाच्या पुस्तकांतली नावं एकामागून एक यायला लागतात. डावीकडे शेतांपलीकडे एक काळसर रान दिसत होतं, हाय वुड. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी या रानाच्या कडेने घोडदळ सोडलं होतं, भाले घेऊन, मशीनगनसमोर. त्यात एक रेजिमेंट आपल्याकडची होती, डेक्कन हॉर्स. निजामाच्या मुलखातल्या जुन्या हैदराबाद कंटिंजंटमधून निघालेली. भाचीला हे माहीत नव्हतं. त्याच रात्री इथून काही किलोमीटरवर, ओव्हिलेरच्या बाजूला, सेकंड लेफ्टनंट टोल्किनची पलटण पहिल्यांदा लढाईत उतरत होती, हे मात्र तिला तोंडपाठ होतं. मी म्हटलं, म्हणजे तुझा लेखक आणि दख्खनचे घोडे एकाच रात्री एकाच चिखलात होते. ती म्हणाली, “एकाच चिखलात कसले मामा, मधे किती अंतर होतं.” मी गप्प बसलो.

तिएपवालचं स्मारक उजव्या हाताला बऱ्याच लांबून दिसतं. विटांच्या कमानींवर कमानी चढवलेलं अवाढव्य बांधकाम. करणारा एडविन लट्यन्स, ज्याने दिल्लीचं इंडिया गेट केलं तोच. ते १९३१ साली खुलं झालं, हे १९३२ साली. इथल्या खांबांवर ७२ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, आणि ती सगळी ज्यांचा देहच सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशांची. १ जुलै १९१६ या सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश फौजेची ५७,४७० माणसं कामी आली वा जायबंदी झाली. त्यांतली १९,२४० मेली. मी आकड्यांत वावरलेला माणूस आहे, पण एवढ्या आकड्यांपुढे मला काही होत नाही. मान वर करून वाचता वाचता मान दुखायला लागते, एवढंच. भाचीने फोटो काढले. आम्ही निघालो.

खरं तर मला कळली ती चार नावं.

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये वरच्या वर्गातल्या काही पोरांचा एक कंपू होता. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा उकळायचा, काहीबाही खायचं आणि वाद घालायचे. पुढे बॅरोज स्टोअर्स नावाच्या दुकानाच्या चहाघरात बैठक बसू लागली, म्हणून नाव पडलं ‘टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी’, थोडक्यात टी.सी.बी.एस. आपल्याला यात नवल वाटायला नको. पुण्यातलं रविकिरण मंडळ सुरू झालं तेही रविवारच्या चहातून, आणि त्याचं आधीचं नाव ‘सन-टी क्लब’ असंच होतं. कवितेला चहा मानवतो. या इंग्रज कंपूत शेवटी चौघे उरले: जॉन रोनाल्ड टोल्किन, ख्रिस्टोफर वाइजमन, मुख्याध्यापकांचा मुलगा रॉब गिल्सन आणि सगळ्यांत मागून आलेला, सगळ्यांत लहान जेफ्री स्मिथ. डिसेंबर १९१४ मध्ये वाइजमनच्या लंडनच्या घरी चौघे दोन दिवस एकत्र बसले आणि आपण जगाला काहीतरी देणं लागतो असं ठरवून उठले. वीस-बावीस वर्षांची पोरं असं ठरवतातच. मग वाइजमन आरमारात गेला, तिघे पायदळात.

पहिला गेला रॉब. १ जुलैच्या सकाळीच, ला बोआसेलच्या उतारावर. त्याच उतारावर लॉखनगार क्रेटर नावाचा सुरुंगाचा प्रचंड खड्डा आहे. त्याच्या काठावरून चालताना खाली बघवत नाही. रॉबची कबर तिथून जवळच, बेकूरच्या रानाला लागून. आम्ही पोचलो तेव्हा माळी गवताच्या कडा कापत होता. त्याने आमच्याकडे पाहून टोपीला हात लावला आणि यंत्र बंद करून बाजूला जाऊन उभा राहिला. आम्ही निघेपर्यंत ते त्याने पुन्हा सुरू केलं नाही.

रात्री आल्बेरमध्ये मुक्काम केला. इथल्या चर्चच्या शिखरावर बाळाला वर उचलून धरलेली सोनेरी मेरी आहे. १९१५ मध्ये गोळा लागून ती आडवी लोंबकळत राहिली होती. ती पडेल त्या दिवशी युद्ध संपेल, असं शिपाई म्हणत. ती एप्रिल १९१८ मध्ये पडली, युद्ध नोव्हेंबरात संपलं. आताची मूर्ती नंतर नव्याने बसवलेली. हॉटेलात खोली गार होती आणि हीटर कसा लावायचा ते कागदावर फक्त फ्रेंचमध्ये लिहिलेलं. भाची शेजारच्या खोलीत झोपून गेली होती. मी स्वेटर घालूनच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुझँकूर. आल्बेरपासून गाडीने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. विटांची घरं, चर्च, आणि जवळजवळ प्रत्येक फ्रेंच गावात असतो तसा युद्धात पडलेल्यांचा स्तंभ. जुलै १९१६ च्या पहिल्या आठवड्यात टोल्किनची पलटण इथे येऊन थांबली आणि ६ जुलैला स्मिथ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. जिवंत. त्याची पलटण पहिल्याच दिवशी तिएपवालच्या दक्षिणेला भाजून निघाली होती. पुढचे दोन-तीन दिवस जमेल तेव्हा दोघे भेटत राहिले. कवितांवर बोलले, पुढे काय करायचं त्यावर बोलले, आणि एकदा एका शेतातून हिंडून आले, जिथे तांबडी पॉपीची फुलं अजून उभी होती. रॉब मेल्याचं तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहून शेतं पाहिली. पॉपी आता कुठून असणार? नांगरलेली तांबूस-पिवळी माती होती आणि तिच्यात पांढऱ्या चुनखडीचे डाग. माती हातात घेऊन चुरली. भाची गाडीतून ओरडली, “सांगितलं होतं ना!” ही माती लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

रॉब गेल्याचं टोल्किनला स्मिथनेच पत्राने कळवलं. आणि मग या दोन मित्रांचं जरासं बिनसलं, ते मला सगळ्यांत खरं वाटतं. टोल्किन तेव्हा ब्यूस-ले-आर्त्वा गावात छावणीत होता. तो दोन रात्री तिथल्या रानात जाऊन एकटा बसला आणि मग त्याने स्मिथला लिहिलं, की रॉब गेला आणि आता आपण एका शरीराचे अवयव आहोत असं मला वाटेनासं झालंय, कंपू संपला. स्मिथला हे अजिबात पटलं नाही. त्याने जवळजवळ चिडून उत्तर दिलं, की तो संपलेला नाही आणि संपणारही नाही. गोळ्यांच्या वर्षावात ही मुलं पत्रांतून वाद घालत होती, आपला चहाचा अड्डा आहे की गेला, यावर. ऑगस्टात दोघे पुन्हा भेटले. ती शेवटची भेट. शेवटची आहे हे अर्थातच कुणाला ठाऊक नव्हतं.

ब्यूसचं रान आम्ही वाटेवर पाहिलं. ओली पानं, कुंपण, खाजगी मालमत्तेची पाटी. भाचीला आत जायचं होतं. मी पाटीकडे बोट दाखवलं. या वेळी हात न लावण्याचा उपदेश करायची पाळी माझी होती.

आता ताप.

डोक्यातली ऊ आणि अंगावरची ऊ या निराळ्या. पहिलीला आपल्या आयांनी बारीक दातांची फणी शोधली. दुसरी कपड्यांच्या शिवणीत राहते, तिथेच लिखा घालते आणि फक्त जेवायला अंगावर उतरते. आठवडेच्या आठवडे त्याच लोकरी कपड्यांत झोपणाऱ्या माणसांच्या शिवणी तिने भरून टाकल्या. शिपाई शर्ट उलटा करून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवत. तडतड आवाज येई, उवा मरत, लिखांतल्या काही उरत आणि अंगाच्या उबेला पुन्हा फुटत. या उवेच्या आतड्यात एक जंतू वाढतो, आज त्याला बार्टोनेला क्विंटाना म्हणतात. तो चावण्यातून येत नाही. ऊ अंगावर हगते, माणूस खाजवतो, आणि खाजवलेल्या जागेतून तो रक्तात जातो. मग एकाएकी ताप, डोकं फुटायला होतं, नडग्या अशा ठणकतात की पांघरुणाचं वजन सोसत नाही. ताप उतरतो आणि पाचएक दिवसांनी परत येतो. ‘क्विंटाना’ हे नाव त्या पाचव्या दिवसावरून. माणूस क्वचितच मरतो, पण महिनोन्‌महिने उभा राहू शकत नाही. यात उवेचा हात आहे हे पक्कं सिद्ध व्हायला १९१८ साल उजाडलं. आपल्याकडे प्लेगच्या साथीत पिसवेवर संशय घेणारा शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ होता, त्यालाही १८९८ मध्ये कराचीत तो धागा सापडल्यावर कितीतरी वर्षं कुणी खरं मानलं नव्हतं. अंगावरच्या किड्याला कुणी मोजत नाही.

टोल्किन पलटणीचा सिग्नल अधिकारी होता. टेलिफोनच्या तारा, दिवे, झेंडे, कबुतरं हे त्याचं खातं. २१ ऑक्टोबरला त्याची पलटण रेजिना ट्रेंच नावाच्या जर्मन खंदकावर चालून गेली आणि तो खंदक तिने घेतला. तो तिथून धडधाकट परतला. एवढे तोफगोळे चुकवलेल्या माणसाला आठवड्याच्या आत उवेने गाठलं. २७ ऑक्टोबरला, पलटण बोव्हाल गावात असताना, त्याने आजारी असल्याची वर्दी दिली. ताप १०३. आधी जवळचं इस्पितळ, मग रेल्वेने समुद्रकाठी ल तुके इथल्या अधिकाऱ्यांच्या इस्पितळात. ताप हटेना. ८ नोव्हेंबरला त्याला इंग्लंडच्या बोटीवर चढवलं आणि तो थेट त्याच्या शाळेच्या गावी, बर्मिंगहॅमला, विद्यापीठाच्या इमारतीत उघडलेल्या लष्करी इस्पितळात येऊन पडला. त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले नव्हते. पत्रांतून ठिकाण कळवायला बंदी होती, म्हणून त्याने बायकोशी ठिपक्यांची सांकेतिक खूण ठरवली होती. तिच्यावरून ती घरी नकाशावर तो कुठे आहे ते पाहत असे. त्या नकाशावर आता बघण्यासारखं काही उरलं नाही.

आणि आता ज्या पत्रासाठी मी एवढा प्रवास केला, ते पत्र. १६ नोव्हेंबरला स्मिथने त्याला लिहिलं. ते पत्र वाचणाऱ्याला आधी कळतच नाही, की हे आजाऱ्याला लिहिलंय. मित्र आजारी पडला म्हणून स्मिथला आनंद मावत नाहीये. तू इंग्लंडात पुष्कळ दिवस राहा, असं तो बजावतो. मला भीती होती की तू कायमचाच गेलास, असंही कबूल करतो. बरा हो, लवकर बरा हो, असं आपण लिहू. युद्धावरच्या माणसाने मित्राला लिहिलं: सावकाश बरा हो.

लॅबमध्ये सारा जन्म काढून मी एवढं शिकलो, की रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाचा चेहरा खुलतो. नॉर्मल रिपोर्टाने माणूस परत मरणाच्या दारात जाणार असेल तर काय, हा प्रश्न माझ्यासमोर कधी आला नाही. हा ताप टोल्किनच्या पथ्यावर पडला. जिवावरचं नडगीवर निभावलं, म्हणा. तो मधूनमधून पुन्हा तापत राहिला, १९१७ सालभर इस्पितळात ये-जा करत राहिला आणि परत फ्रान्सला कधी गेलाच नाही. त्याची पलटण मे १९१८ मध्ये एन नदीच्या लढाईत जवळजवळ संपली.

ब्यूसहून सुआस्त्र फार लांब नाही. गावात शिरलो तेव्हा भर दुपारी कुणी दिसलं नाही. एक कुत्रं भुंकलं, एक ट्रॅक्टर गेला. भाचीने विचारलं, “नेमकं कुठे?” मी म्हटलं, “या रस्त्यावर. यापेक्षा नेमकं काही मला सांगता येणार नाही.”

२९ नोव्हेंबर १९१६. स्मिथची पलटण तेव्हा लढाईत नव्हती, रस्ते बांधण्या-दुरुस्तीच्या कामावर होती. इथून आघाडी सहाएक किलोमीटरवर. त्या दिवशी त्याने आपल्या माणसांसाठी फुटबॉलचा सामना ठरवला होता आणि तो रस्त्याने चालला होता. लांबून टाकलेला एक गोळा फुटला आणि त्याचे तुकडे स्मिथच्या दंडात आणि मांडीच्या वर घुसले. तो चालत मदतकेंद्रापर्यंत गेला. गाडीची वाट बघताना सिगारेट ओढली आणि आईला पत्र लिहिलं, की काळजी करू नकोस, जखमा किरकोळ आहेत, लवकरच मागच्या तळावर येईन.

जखमा किरकोळच होत्या. आज अशा जखमांचा माणूस आठवड्यात घरी जातो. पण आता ती मघाची माती आठवा. सोमची ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली, म्हणूनच बीट एवढं पोसतं. अशा मातीत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू झोपून असतात. गोळ्याचा तुकडा कोटाची लोकर आणि ही माती घेऊन मांसात खोल जातो, तिथे हवा नसते, आणि हवा नसली की या जंतूंना जाग येते. मांस फुगतं, दाबलं तर आत बुडबुडे कुरकुरतात, आणि वास… तो वास मी आयुष्यात दोनदा घेतलाय. लॅबच्या दारातून नमुना आत यायच्या आधी तो येतो. गॅस गँगरीन. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. दोन दिवसांनी स्मिथची शस्त्रक्रिया केली, उशीर झाला होता. ३ डिसेंबरच्या पहाटे तो गेला. वय २२. मित्राला सावकाश बरा हो म्हणून लिहिल्याला अठरा दिवसही झाले नव्हते.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे एकाला उवेने वाचवलं आणि एकाला शेणखताने मारलं.” मला हे एवढं थोडक्यात जमलं नसतं.

वार्लँकूर हाल्ट ही स्मशानभूमी गावात नाही. हाल्ट म्हणजे पूर्वी इथे रेल्वेचा छोटा थांबा होता. जखमी आणायला आणि पुढे न्यायला सोयीचा, म्हणून १९१६ मध्ये इथे तंबूंची इस्पितळं उभी राहिली. इस्पितळ आलं की कबरी येतात. बाराशेच्या वर आहेत. आरासहून दुलांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून वळायला लागतं. पाटी लहान आहे, आमची चुकली, आणि परत फिरताना भाचीने एका बीटाच्या ट्रकला जागा देण्याच्या नादात चाक चरात घातलं. अर्धा तास त्यात गेला. ट्रकवाल्यानेच दोर लावून ओढून काढलं. पैसे घेईना. कुठे निघालात विचारलं. तिने सांगितलं. त्याने हाताने दिशा दाखवली आणि माझ्याकडे पाहून तिला काहीतरी म्हणाला. नंतर तिने भाषांतर केलं: इंग्रज येतात, तुम्ही कुठले?

पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, मागे शेत. फाटकापाशी भिंतीत लहानसा पितळी दाराचा खण असतो. त्यात कबरींची नोंदवही आणि अभिप्रायाची वही ठेवलेली. नोंदवहीत रांग शोधून गेलो. दगडावर पलटणीचं चिन्ह, लेफ्टनंट, जी. बी. स्मिथ, तारीख. उजवी-डावीकडे त्याच आठवड्यात गेलेले दुसरे. टोल्किनचा इथे काही संबंध आहे, असं सांगणारी पाटी मला तरी दिसली नाही. ते बरंच झालं असं मला वाटतं. भाचीला नाही वाटलं.

तिथे उभं राहून मी तिला आणखी एक पत्र सांगितलं. ते याच्याही आधीचं, फेब्रुवारी १९१६ चं. टोल्किन अजून इंग्लंडात होता, स्मिथ खंदकात. त्या रात्री त्याला टेहळणीला जायचं होतं. आदल्या रात्रीच्या टेहळणीतला अधिकारी परत आला नव्हता. निघण्यापूर्वी त्याने लिहिलं, की मी मेलो तरी आपला कंपू मरणार नाही, आणि मला जे म्हणायचं होतं आणि साधलं नाही ते तू म्हण, मी नसलो तरी. टोल्किनवर लिहिणारे बहुतेक जण या पत्रापाशी थांबतात आणि तिथून सरळ ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या मोर्डोरच्या वाटेवरच्या दलदलीत आणि फ्रोडो-सॅमच्या मैत्रीत उडी मारतात. मित्र गेला, म्हणून हा महाग्रंथ झाला, असा त्यांचा हिशेब. माझा त्यावर विश्वास नाही. एका माणसाच्या मरणाचं इतकं सोयीस्कर फळ दाखवू नये. टोल्किनने स्वतः एका प्रस्तावनेत एवढंच म्हटलंय, की १९१८ पर्यंत त्याच्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे मेले होते. एका वाक्यात. उरलेला तो एक, वाइजमन, त्याच्या नावावरून त्याने १९२४ साली जन्मलेल्या मुलाचं नाव ख्रिस्टोफर ठेवलं.

स्मिथच्या त्या पत्राचं टोल्किनने जे पहिलं केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. स्मिथ गेल्याचं त्याला वाइजमनने डिसेंबरात कळवलं. थोड्याच दिवसांत स्मिथच्या आईचंही सांगणं आलं, की मुलाच्या कविता तुमच्याकडे असतील त्या पाठवा. ती विधवा होती. जानेवारी १९१७ मध्ये तिचा थोरला मुलगाही गेला, मेसोपोटेमियात, जिथे तेव्हा आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. दोन्ही मुलं सात-आठ आठवड्यांच्या अंतराने. टोल्किन आणि वाइजमन यांनी कविता गोळा केल्या, लावल्या, टोल्किनने छोट्या टिपणासारखी प्रस्तावना लिहिली, आणि घाईत नव्हे, १९१८ मध्ये ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’ नावाचं पुस्तक निघालं. मधल्या काळात टोल्किनला ताप येतच होता. आजारपणात त्याने मित्राच्या कविता लावाव्या, हे मला महाग्रंथापेक्षा समजतं.

पाऊस वाढला. भाची अभिप्रायाच्या वहीत काहीतरी लिहून आली. काय लिहिलंस विचारलं तर सांगितलं नाही. मी पण एक ओळ लिहिली. देवनागरीत नाव, गाव मिरज, तारीख. शेरा म्हणून इथे लोक ‘नेव्हर फर्गॉटन’ वगैरे लिहितात. मी ती जागा रिकामी सोडली.

जायचं असेल तर स्वतःची गाडी लागेल, बस जात नाही. तिकीट नाही. आणि जाणं जमणार नसेल तर ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’ तरी वाचा. पुस्तकावरचा हक्क केव्हाच संपलाय, इंटरनेटवर फुकट मिळतं. लहान आहे. आम्ही लीलला परतताना गाडीत भाचीच्या फोनवर उघडलं, आणि बापोम यायच्या आत निम्मं वाचून झालं.